दुरुस्तीसाठी घरमालक भाड्याच्या घरात कधी आणि कसा येऊ शकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई आणि त्यांची मैत्रीण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एका फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती होते आहे. मंगळवारी दोघी कामावर असताना मालकांनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि प्लंबरला आत नेलं. संध्याकाळी फरशीवरचे ओले ठसे आणि जागा बदललेली बादली पाहून हे लक्षात आलं. विचारलं तर मालक म्हणाले, "घर माझं आहे, दुरुस्तीला परवानगी कशाला?" असं येता येतं का, आपण कुलूप बदलावं का, आणि दुरुस्तीला नकार देता येतो का, असे तीन प्रश्न ताईंनी विचारले आहेत.

मी वीसेक वर्षं भाड्याच्या आणि ताब्याच्या प्रकरणांत वकिली करतो आहे, मालकांच्या बाजूने आणि राहणाऱ्यांच्याही. आधी सरळ उत्तर देतो. मालकांना दुरुस्तीसाठी येता येतं, पण आधी सांगून, वाजवी वेळी आणि त्या कामापुरतं. मंगळवारी त्यांचं चुकलं. कुलूप परस्पर बदलू नका, त्यावर चांगला उपाय खाली सांगतो. आणि दुरुस्तीला नकार मुळीच देऊ नका, कारण सध्या कायदा तुमच्या बाजूने आहे आणि त्या एका नकाराने तो उलटू शकतो.

आता कायदा बघू. महाराष्ट्रात भाड्याच्या घरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे आणि तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर त्या वाक्यातच आहे. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची वाजवी वेळी पाहणी करण्याचा मालकाला हक्क आहे, पण भाडेकरूला, लायसन्सीला (म्हणजे तुमच्यासारख्या लायसन्सवर राहणाऱ्याला) किंवा तिथे राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. कायद्याने इथे लायसन्सीचा वेगळा उल्लेख केला आहे, आणि तो का महत्त्वाचा आहे हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण मालकांचा वकील भेटला तर तो नेमका इथेच बोट ठेवेल.

भाडेकरू आणि लायसन्सी यांत कायदा मोठा फरक करतो. भाडेकरूला जागेत हितसंबंध मिळतो, ताबा कायद्याने त्याचा होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने मुदतभर कोणाच्याही व्यत्ययाशिवाय जागा वापरावी, असं म्हटलं आहे. मालकाला किंवा त्याच्या माणसाला वाजवी वेळी आत येऊन जागेची अवस्था पाहू द्यावी, असंही त्याच कलमात आहे. लायसन्सचं तसं नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. जागेत हक्क तयार होत नाही, आणि कागदोपत्री ताबा मालकाकडेच राहतो. आपल्या करारांतही तसं वाक्य छापलेलं असतं. त्यामुळे "घर माझं आहे" हे मालकांचं म्हणणं भाडेकरूच्या बाबतीत जितकं कच्चं ठरलं असतं, तितकं तुमच्या बाबतीत कच्चं नाही. पण कलम २८ ने हा वाद आधीच मिटवला आहे. ताबा कोणाचा हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, लायसन्सीलासुद्धा आधी सूचना मिळालीच पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे तुमचा करार. ई-रजिस्ट्रेशनने केलेल्या करारात पाहणीचं कलम साच्यातच असतं: लायसन्सॉरने (म्हणजे मालकाने) वाजवी सूचना देऊन, स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत जागेत यावं आणि पाहणी करावी. तुमचा करार उघडून हे कलम शोधा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांनी स्वतःचा करार सहीच्या दिवसानंतर पुन्हा वाचलेला नसतो. मालकांनीही वाचलेला नसतो. त्यांना भांडणाच्या सुरात न बोलता त्या कलमाचा फोटो पाठवा. त्यांचीच सही असलेल्या कागदाचा परिणाम वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

करार नुसता नोटरी केलेला असेल तर तो प्रश्न वेगळा. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तसा करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "मी कधीही येईन असं तोंडी ठरलं होतं" हे मालकाला सिद्ध करावं लागेल.

कलम २८ मध्ये शब्द "पाहणी" असा आहे, "दुरुस्ती" असा नाही. यावरून काही हुशार भाडेकरू म्हणतात, बघून जा, पण हातोडा चालवायचा नाही. हा युक्तिवाद टिकत नाही. कलम १४ प्रमाणे, भाडेकरूने वेगळं मान्य केलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. ज्याच्यावर काम करण्याची जबाबदारी आहे, त्याला कामाच्या जागी जाता आलंच पाहिजे. फक्त पाहणीला अर्धा तास लागतो, बाथरूम फोडायला आठवडा लागतो. सूचना किती आधी आणि किती तपशिलाची हवी, हे त्या हिशेबाने बदलतं.

"वाजवी" म्हणजे किती, हे १९९९ चा कायदा आकड्यांत सांगत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांसमोर आदर्श भाडे कायदा ठेवला. त्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, सूचनेत येण्याचं कारण, दिवस आणि वेळ असावी, असं म्हटलं आहे. पूर, आग, भूकंप अशा प्रसंगी सूचनेशिवाय येण्याची मुभाही आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा कोणावर बंधनकारक होत नाही, तेव्हा "२४ तास हा माझा कायदेशीर हक्क आहे" असं लिहू नका. पण वाजवी म्हणजे काय हे समोरच्याला पटवायला तो चांगला मापदंड आहे. मी स्वतः करार लिहितो तेव्हा पाहणीला २४ तास आणि फोडाफोडीच्या कामाला तीन दिवस असं घालतो, आणि व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे लेखी सूचना समजावी असंही लिहून टाकतो.

तातडीच्या वेळी मात्र सूचनेचा आग्रह धरू नका. पाइप फुटून पाणी जिन्यातून वाहतंय, बंद घरातून गॅसचा वास येतोय, मीटरच्या तारा जळताहेत, अशा वेळी मालक दार उघडून आत गेले तर कोणतंही न्यायालय त्यांना दोष देणार नाही, आणि देऊही नये. पण ज्या गळतीबद्दल तीन आठवडे फोनाफोनी चालू आहे ती मंगळवारी दुपारी अचानक तातडीची होत नाही. ज्या कामासाठी प्लंबरची वेळ घेता येते, त्यासाठी तुम्हाला मेसेजही करता येतो.

मग पोलिसांत जायचं का? या एका प्रसंगावरून, माझ्या मते नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाचा गुन्हा आहे, पण त्यासाठी आत येणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा किंवा राहणाऱ्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा असावा लागतो. प्लंबरला सोबत घेऊन भर दुपारी आलेल्या माणसाचा तसा हेतू दाखवणं अवघड आहे. ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकून परत याल आणि मालकांशी संबंध मात्र कायमचे बिघडतील. पण पुढची गोष्ट वेगळी असू शकते. कपाटं उघडली गेली, सामानाचे फोटो काढले गेले, स्पष्ट लेखी मनाई केल्यावरही वारंवार कोणी आलं, रात्री दार उघडण्याचा प्रयत्न झाला, तर लगेच लेखी तक्रार द्या. आणि बाथरूममध्ये किंवा खोलीत कॅमेरा सापडला तर कोणाशीही चर्चा न करता, त्याला हात न लावता थेट पोलीस बोलवा. तो त्याच संहितेच्या कलम ७७ चा गंभीर गुन्हा आहे आणि तिथे दुरुस्तीची सबब चालत नाही.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की त्या दिवसापासून अंघोळीला जाताना पुन्हा पुन्हा दाराची कडी पाहता. ही भीती क्षुल्लक नाही. मालक मंडळींना मी नेहमी सांगतो की तुम्हाला ती पाच मिनिटांची प्लंबरची भेट वाटते, पण आत राहणाऱ्या मुलीला आपलं घर कधीही कोणीही उघडू शकतं असं त्या दिवशी कळलेलं असतं. कायदा सूचनेची अट घालतो ती याच्याचसाठी.

म्हणून किल्लीचा प्रश्न नीट सोडवू. स्वतःच्या खर्चाने कुलूप बदलण्यावर कायद्यात सरसकट बंदी नाही, पण बहुतेक करारांत जागेत फेरबदल करू नयेत अशी अट असते. परस्पर बदललेलं कुलूप मालकाच्या हातात "यांनी मला माझ्याच घरातून बाहेर ठेवलं" असं म्हणायला पुरावा देतं. त्याऐवजी मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. मालकांना सांगून कुलूप बदला किंवा नुसता सिलिंडर बदला, जुना जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. नवी एक किल्ली पाकिटात घालून पाकीट चिकटवा, जोडावर तुमची आणि मालकांची सही घ्या, तारीख टाका आणि ते पाकीट मालकांकडेच ठेवा. तातडीच्या वेळी ते फोडतील आणि तुम्हाला कळवतील. पाकीट फुटलेलं दिसलं की विचारायचा हक्क तुम्हाला आहे. जिथे दोन्ही बाजूंनी हे मान्य केलं, तिथे किल्लीवरून पुन्हा भांडण झाल्याचं मला आठवत नाही. घरात असताना मात्र आतून कडी लावा, त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही.

आता तुमच्या बाजूची जबाबदारी. ती अनेकांना ऐकायला आवडत नाही, पण सांगणं भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक प्रकरण आलं. मालक न सांगता एकदा आले म्हणून राहणाऱ्याने रागाने तीन महिने कोणालाच घरात येऊ दिलं नाही. गळती नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) जोडातून होती, सुरुवातीला अर्ध्या दिवसाचं काम. तीन महिन्यांत खालच्या घराच्या छताचा गिलावा फुगून पडला, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या. खालच्या कुटुंबाने मालकाला नोटीस दिली, मालकाने करारभंगाचं कारण देऊन लायसन्स संपवलं आणि डिपॉझिट अडवलं. त्या माणसाची पहिली तक्रार शंभर टक्के खरी होती. पण फाइलमध्ये त्याच्याविरुद्ध मालकाचे सात मेसेज होते, प्रत्येकात तारीख आणि वेळ विचारलेली, आणि त्याच्याकडून एकाचंही उत्तर नव्हतं. तडजोड त्याला महागात पडली.

तेव्हा आज रात्रीच एक मेसेज पाठवा. शब्द असे ठेवा: "नमस्कार काका, गळतीचं काम लवकर व्हावं असं आम्हालाही वाटतं. येत्या शनिवारी सकाळी दहा ते एक किंवा रविवारी दिवसभर आमच्यापैकी एक जण घरी असेल, त्यातली सोयीची वेळ कळवा. यापुढे कोणी येणार असेल तर किमान एक दिवस आधी मेसेज करा, कोण येणार आणि काय काम आहे तेही लिहा. आग, गॅस, शॉर्ट सर्किट किंवा पाइप फुटणं असं काही असेल तर लगेच फोन करा, फोन लागला नाही तर आत जाऊन ते थांबवा आणि आम्हाला कळवा. या मंगळवारी आम्ही नसताना घर उघडलं गेलं, तसं पुन्हा होऊ नये ही विनंती."

या मेसेजमध्ये तुम्ही सहकार्य दिलंय, पर्यायी वेळा दिल्यात, तातडीची वाट मोकळी ठेवलीय आणि मंगळवारची घटनाही नोंदवलीय. उद्या प्रकरण कुठेही गेलं तरी हा एक मेसेज तुमच्या कामाला येईल. मालकांनी उत्तरात नुसतं "ओके" लिहिलं तरी पुरे.

काम सुरू होण्याआधी आणखी थोडं ठरवून घ्या. मिस्त्री आधी गळती नेमकी कुठून आहे हे पाहील: फ्लश टँकच्या जोडातून, भिंतीतल्या पाइपमधून, की फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमधून. पहिलं एका भेटीत संपतं. तिसरं असेल तर फरशी फुटेल, नवा थर बसेल, पाणी साठवून चाचणी होईल, मग फरशी परत लागेल. आठवडा सहज जातो आणि तेवढे दिवस बाथरूम बंद. दुसरं बाथरूम नसेल तर त्या दिवसांची लायसन्स फी (म्हणजे तुम्ही देता ते भाडं) कमी करायची की पर्यायी सोय करायची, हे काम सुरू होण्याआधी मेसेजवर ठरवा. अशी सूट आपोआप मिळत नाही, आणि फरशी फुटल्यावर वाटाघाटीत तुमच्याकडे काही उरत नाही. मौल्यवान वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवा, कामाच्या आधी खोलीचे फोटो काढा, राडारोडा कोण उचलणार तेही विचारून घ्या.

गळती गच्चीतून किंवा सामाईक पाइपलाइनमधून येत असेल तर काम सोसायटीचं असतं. सोसायटीचे लोकही सूचना देऊन पाहणीला येऊ शकतात. त्यांना मालकांच्या मार्फत वेळ ठरवायला सांगा.

खर्च कोणाचा? करारात वेगळं नसेल तर पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, भिंतीची ओल ही मालकाची कामं. नळाचा वॉशर, तुंबलेला नाला, स्विच, दाराची मूठ अशी रोजच्या वापरातली किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची. २०२१ च्या आदर्श कायद्याच्या अनुसूचीत साधारण अशीच वाटणी आहे. तुमच्या हातून काही तुटलं असेल तर ते अर्थात तुमच्या खर्चाने.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो, कारण अर्धवट माहितीवर लोक चुका करतात. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये अशी सोय आहे की मालक दुरुस्ती करत नसेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ही सोय भाडेकरूसाठी आहे. तुम्ही लायसन्सी आहात, तेव्हा ते कलम सांगून फी परस्पर कापू नका. फी थकली की मालकाला करार संपवायचं आयतं कारण मिळतं. स्वतः खर्च करायचाच असेल तर रक्कम आणि वजावट दोन्हीला मालकांची लेखी संमती आधी घ्या, आणि बिलं ठेवा.

आणखी दोन वेळा असतात जिथे दुरुस्तीच्या नावाखाली खरा हेतू दुसराच असतो. करार संपत आल्यावर "काम काढायचंय, आठवडाभर जा" म्हणून घर बंद करायचं आणि किल्ली परत द्यायची नाही, असं घडतं. बाहेर जावं लागणार असेल तर परतीची तारीख लिहून घ्या, सामान आत असल्याचं लिहून घ्या. करार संपल्यावरही तुम्ही निघाला नाहीत, तर मालकाने कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जायचं असतं. त्या काळासाठी दुप्पट फीचा हुकूम होऊ शकतो, हे लक्षात ठेवून तुम्हीही रेंगाळू नका. पण तो हुकूम नसताना मालकाने कुलूप तोडणं किंवा सामान बाहेर काढणं हा मार्ग नाही.

दुसरी वेळ जुन्या पागडीच्या भाडेकरूंची. तुमचा प्रश्न तो नाही, पण हे वाचणाऱ्यांत ते असतील म्हणून लिहितो. घर रिकामं केल्याशिवाय दुरुस्ती होणार नसेल तर मालकाला कलम १६ खाली दावा करावा लागतो, आणि हुकूम देताना न्यायालय भाडेकरूला विचारतं की तुला परत यायचं आहे का. परत येण्याची इच्छा हुकुमात नोंदवली जाते. तोंडी शब्दावर किल्ली दिली तर ही नोंद कुठेच राहत नाही. इमारत पालिकेने धोकादायक म्हणून पाडली तरी भाडेकरूचा हक्क तेवढ्याने संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही घर सोडताना भाड्याच्या पावत्या, वीजबिल आणि खोलीचं क्षेत्रफळ दाखवणारा कागद सोबत घेऊनच बाहेर पडा.

ताईंनी शेवटी विचारलंय की मालकांनी या कामाचा खर्च डिपॉझिटमधून कापला तर काय. वॉटरप्रूफिंग जुनं होऊन गळती झाली असेल तर तो नैसर्गिक झिजेचा भाग आहे आणि तुमच्या डिपॉझिटशी त्याचा संबंध नाही. प्लंबर शनिवारी आला की गळतीचं कारण त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या, चार शब्द चालतील. निघताना हिशेबाच्या वेळी तेच चार शब्द दाखवता येतील.